घट्टपणा : दहापैकी दहा

सोमवारी सकाळी साडेदहाला नम्रता आंबेरकर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. पूर्णगडहून पहिल्या एसटीने आली होती. हातात मोबाइल. मोबाइलवर एकच आकडा. वीस.

"काका, शनिवारी सदतीस होते."

गंगाराम शिवलकर इथला लॅब असिस्टंट. वय बावन्न, पण कॉलेजात काही विचित्र घडलं की पहिला संशय त्याच्यावर. मागच्याच आठवड्यात त्याने स्टाफरूमच्या साखरेत मीठ मिसळलं होतं, आणि पहिला कप स्वतः पिऊन "वा, झकास" म्हणाला होता. त्या एका शब्दावर बाकीचे सात जण फसले.

आज मात्र तो हसला नाही.

"बस गो. मासा कुठला घेतला होतास?"

"फॉर्मवर सुरमई लिहिलेली. पण त्या दिवशी वारा सुटला, मिरकरवाड्याला मोठ्या बोटी लागल्याच नाहीत. मग समोर ताजे बोंबील दिसले ते घेतले."

कॉलेजचा हा ऑनलाइन कोर्स सहा महिन्यांचा. मासळी गुणवत्ता तपासनीस. आंजर्ल्यापासून पूर्णगडपर्यंतची पंचवीस पोरं घरी बसून शिकायची. शेवटची परीक्षा व्हिडिओवर: बंदरावर जायचं, एक मासा घ्यायचा, तो ताजा आहे की नाही ते कॅमेऱ्यासमोर तपासून दाखवायचं. श्रद्धा मॅडम व्हिडिओ बघून रुब्रिक भरायच्या, म्हणजे गुणांचा तक्ता. ओळी चार. डोळे, कल्ले, घट्टपणा, बर्फ. प्रत्येकीला दहा गुण. चौकटीवर टिचकी मारली की गुण पडतात, खाली शेरा लिहायचा.

पहिल्या नंबराला एमआयडीसीतल्या मासळीच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी. जागा एकच. नाव आज चार वाजता जाणार होतं.

"आणि नाय गेलं तर?"

"तर कोळंबी सोलायला. आईच्या शेजारची जागा मुकादमाने रिकामी ठेवलीय. रोज विचारतो, पोरगी कधी येणार म्हणून."

गंगारामने तिचा तक्ता उघडला.

डोळे, तीन. शेरा: आत गेलेले. कल्ले, तीन. शेरा: फिकट. घट्टपणा, दहा. शेरा: उत्तम, दाबल्यावर मांस लगेच वर येते. बर्फ, चार. शेरा: अपुरा.

त्याने तो दोनदा वाचला. मग खुर्ची मागे सरकवून उठला.

"डबा आणलायस? खाऊन घे. मी जरा फिरून येतो."

*

प्राचार्या सावित्री राणे यांच्या केबिनमध्ये पंखा गरगरत होता आणि श्रद्धा मॅडम उभ्या होत्या. बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"लॉगिन तुमचं," राणे बाई म्हणाल्या. "मशीन ऑफिसातलं. वेळ रविवारी अकरा चाळीस. फेरतपासणीचं बटण दाबलं की जुने गुण पुसले जातात, तक्ता कोरा होतो. नवे भरले की कुलूप. ते फक्त मी उघडू शकते. का उघडू?"

"मी रविवारी आंजर्ल्याला होते. देवळात."

"कोणाबरोबर?"

"आईबरोबर."

"आई तुमचीच." राणे बाईंनी चष्मा काढला. "त्या मुलीने घट्टपणाच्या ओळीवरून तुम्हाला तासात अडवलं होतं, पंचवीस मुलांसमोर. तो राग कोणालाही दिसेल, श्रद्धा."

"राग नव्हता. तिचं बरोबर होतं."

गंगाराम दारातच उभा होता. त्या ऑनलाइन तासाला तोही होता, आवाज नीट येतोय का बघायला. तो वाद त्याला शब्दन् शब्द आठवत होता.

"बाई, ऑफिसच्या किल्ल्या कोणाकडे?"

"तिघांकडे. श्रद्धा, हर्षद सर, रितेश क्लार्क. रविवारी बाहेरची परीक्षा होती, गेट सताड उघडं. तुला काय करायचंय?"

"आणि मॅडम, पासवर्ड?"

श्रद्धा मॅडमची मान खाली गेली. "शुक्रवारी घरचं नेट गेलं. ऑफिसच्या मशीनवरून गुण भरले. पासवर्ड लक्षात ठेवू का असं मशीनने विचारलं. मी हो म्हटलं."

"चारपर्यंत वेळ आहे," राणे बाई म्हणाल्या. "नंतर यादी जाईल. आणि श्रद्धाचं कंत्राट मी वाढवणार नाही."

*

हर्षद सर स्टाफरूममध्ये एकटेच चपाती-भाजी खात होते.

"सर, रविवारी ऑफिसात गेलात?"

"दोनदा. झेरॉक्सला."

"वेळ?"

"घड्याळ बघून झेरॉक्स काढत नाही मी."

"नम्रताचा व्हिडिओ बघितलात?"

"बघावाच लागतो, दुसरा तपासनीस मी." सरांनी तोंड वाकडं केलं. "आमच्या आटपाडीला मासा पाहुणा म्हणूनसुद्धा येत नाही, गंगाराम. ती पोरगी त्याला बोट लावते आणि बोट आतच जातं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

"श्रद्धा मॅडम गेल्या तर कोर्स कोणाकडे?"

"माझ्याकडे. आणि मी घेईनही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "चोर म्हणायचं असेल तर सरळ म्हण. मागच्या आठवड्यात तुझा खारट चहा प्यायलोय, हेही पचेल."

*

रितेश ऑफिसात फॉर्म फायलीला लावत होता.

"काय रे, रविवारी तू इथेच होतास ना?"

"दिवसभर. परीक्षेचे कागद कोण मोजणार, तुझा आजा?"

"त्या मशीनवर कोण बसलेलं बघितलंस?"

"हर्षद सर येऊन-जाऊन होते. मी पाण्याचे जार चढवत होतो."

"नम्रताचा व्हिडिओ बघितलास तू?"

"मी? फॉर्म आले की फायलीला लावायचे, नावं टाइप करायची. व्हिडिओ बघायला वेळ कोणाला."

"पोरगी सकाळपासून न जेवता बसलीय."

"मग? सुरमई घेतली म्हणून कोण हुशार होत नाय, गंग्या. मॅडमला वाटलं, कापले."

टेबलावरचा फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं, सुजय. रितेशने फोन उचलला नाही. पालथा घातला.

गंगारामने भिंतीवरच्या यादीकडे बघितलं. नम्रताचे वीस झाल्यावर वर आलेलं नाव तिथे होतं. सुजय घाणेकर, चौतीस.

"येतो मी," तो म्हणाला. "मला बाजारात जायचंय."

अडीच वाजले होते. स्कूटर मिरकरवाड्याच्या उतारावरून खाली गेली.

*

चारला वीस मिनिटं कमी असताना गंगाराम केबिनमध्ये शिरला. हातात स्टीलचं ताट, वर ओला फडका. मागे नम्रता. आत श्रद्धा मॅडम, हर्षद सर आणि यादीचा कागद घेऊन रितेश.

"हे काय आणलंस?" राणे बाईंनी विचारलं. "थट्टा असेल तर आज नको."

"थट्टाच आहे बाई, पण माझी नाय." त्याने ताट टेबलावर ठेवलं. "रितेश, इकडे ये. फडक्यावरूनच बोट दाब."

"मी कशाला?"

"दाब रे. इंगळी नाय त्यात डसायला."

रितेशने दाबलं. बोट फडक्यासकट आत गेलं. त्याने काढून घेतलं, तरी फडक्यावर खळगा तसाच राहिला.

"वर आलं?"

रितेशने बोट विजारीला पुसलं.

"घट्टपणाला किती देशील?"

"मला काय कळतं त्यातलं."

"रविवारी दहा दिलेस."

गंगारामने फडका उचलला. ताटात सहा बोंबील, पांढरे, लुळे, एकमेकांच्या अंगावर पडलेले. "नम्रताच्या व्हिडिओतला मासा हाच."

राणे बाईंनी तक्ता पुढे ओढला. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "दाबल्यावर मांस लगेच वर येते," त्यांनी हळूच वाचलं. "मी राजापूरची. लहानपणापासून बोंबील साफ करतेय. आणि सकाळपासून हे वाचतेय."

"सगळे कापलेल्या गुणांकडे बघत होते बाई. मी न कापलेल्याकडे बघितलं. ज्याने कापले त्याला वाटलं, चारही ओळी कापल्या तर डूख धरल्यासारखं दिसेल. म्हणून एका ओळीत पूर्ण दहा दिले, वर चांगला शेरा. तिथेच घसरला."

"पण श्रद्धाच कशावरून नाही?"

"त्या तासाचा वाद काय होता, तो आठवा. नम्रता म्हणाली, हा तक्ता सुरमई-पापलेटला ठीक, बोंबील ताजा असला तरी मऊच, त्याला घट्टपणा कसला लावता. मॅडमनी तिथल्या तिथे ऐकलं. बोंबील असेल तर त्या ओळीत अंगाची चकाकी बघायची, असं सगळ्यांना लिहून घ्यायला लावलं. त्या बाई बोंबलाला 'मांस वर येते' लिहितील?"

"मग मी," हर्षद सर म्हणाले. "मला माशातलं काही कळत नाही."

"मलाही आधी तसंच वाटलं सर. पण तुम्ही व्हिडिओ बघितलात. बोट आत गेलेलं बघून तुमचं जेवण गेलं. मासा कुठला ते नसेल कळलं, पण तो घट्ट नाय हे तुमच्याएवढं कोणाला माहीत?" गंगाराम वळला. "हा शेरा लिहिणाऱ्याने व्हिडिओ बघितलाच नव्हता. त्याच्यासाठी हा मासा सुरमई होता. सुरमई कुठे लिहिलीय? फक्त फॉर्मवर. फॉर्म फायलीला कोण लावतं? आणि आज दुपारीसुद्धा, 'सुरमई घेतली म्हणून कोण हुशार होत नाय' असं कोण म्हणालं?"

रितेशच्या हातातला कागद चुरगळला होता.

"सुजय तुझा कोण?" राणे बाईंनी विचारलं.

रितेशने कागद टेबलावर ठेवून तळव्याने सपाट केला.

"बायकोचा भाऊ," रितेश म्हणाला. "दोन वर्षं घरात बसून आहे. बायको रोज रडते. मशीन उघडं होतं, मॅडमचं नाव आपसूक आलं. मी म्हटलं पूर्णगडची पोरगी कशाला विचारायला येतेय इथपर्यंत."

"आली," नम्रता म्हणाली. एवढंच.

"सुजयला माहीत होतं?" राणे बाईंनी विचारलं.

"नाय. सकाळपासून फोन करतोय, यादीत वर कसा आलो म्हणून. मी घेत नाय."

"घे," गंगाराम म्हणाला. "चौतीस त्याचे स्वतःचे होते रे. ते पण घाण केलेस तू."

राणे बाईंनी तक्त्याचं कुलूप काढलं आणि कॉम्प्युटर श्रद्धा मॅडमकडे वळवला. "बसा," त्या म्हणाल्या. दिवसभरात पहिल्यांदा. "सगळ्यांसमोर व्हिडिओ लावा आणि परत तपासा."

पाच मिनिटांचा व्हिडिओ. डोळे, नऊ. कल्ले, नऊ. घट्टपणा, नऊ, शेरा: बोंबील असल्याने चकाकी बघितली. बर्फ, दहा.

तीन बावन्नला नाव गेलं. नम्रताने आईला फोन लावला, दोनच वाक्यं बोलली, आणि दुसरं होतं, "मुकादमाला सांग, जागा दुसऱ्या कोणाला दे."

गंगारामने ताट उचललं. "चल, कॅन्टीनमध्ये तळायला देऊ. हर्षद सर, तुम्ही पण या, वासाला."

नम्रताने वाकून ताटात बघितलं. मग एक बोंबील उचलून उलटा केला.

"काका, मिरकरवाड्यापासून इथपर्यंत बर्फाशिवाय आणलात?"

"घाईत होतो गो."

"चार."

"दहापैकी?"

"शेरा पण लिहू?"