चहा संपेपर्यंत

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

लंडन. नोव्हेंबर १९६१. रात्रबित्र काही नव्हती. रविवार, दुपारचे सव्वातीन.

घडलं ते एनिड टॅपस्कॉट या बाईच्या बाबतीत. ती सिनेमाचे आवाज कापायची, जोडायची. मी तिचा भाडेकरू, वरच्या खोलीतला. तिनेच मला हे सांगितलं. एकदाच.

तिचे साहेब म्हणजे बर्ट्रम स्लेड. डेप्टफर्डच्या पियानो दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. मूकपटांच्या पाट्या रंगवता रंगवता दिग्दर्शक झाला आणि एकोणतीस सिनेमांत त्याने अख्ख्या इंग्लंडला बंद दाराला घाबरायला शिकवलं. किंचाळणारी भुतं त्याने कधी दाखवली नाहीत. त्याला नुसती शांतता पुरायची.

ती शांतता एनिड जपायची. प्रत्येक सेटवर काम संपलं की सगळ्यांनी अर्धं मिनिट श्वास रोखून उभं राहायचं आणि त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायची, अशी या धंद्याची रीत. जोडकामात मोकळ्या जागा भरायला ती लागते.

पुढच्या आठवड्यात स्लेडसाहेबांचा सत्कार होता. जुन्या सिनेमांचे तुकडे जोडून एक रीळ करायचं होतं. एनिडने शांततेच्या जुन्या रिळांचे डबे काढले. कानाला हेडफोन लावला.

१९३८ चा डबा.

शांतता...

टक. टक. टक.

लाकडावर कुणीतरी बोटाने ठोकत होतं.

कुणाचा तरी बूट लागला असेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि १९४४ चा डबा लावला. दुसरा स्टुडिओ, दुसरी माणसं.

टक... टक... टक. जरा जवळून.

१९५२. आणखी जवळून.

हेच डबे तिने पूर्वी दहादा ऐकले होते. तेव्हा त्यांत काही नव्हतं.

आणि ते ठोके तिच्या ओळखीचे होते.

१९३६ साली सेटवर ओकचं एक भलंमोठं कपाट होतं. मेव्हिस पेल ही एनिडची मैत्रीण. दिवे लावताना नायिकेच्या जागी ती उभी राहायची. स्लेडला खरी किंकाळी हवी होती. माप घ्यायचंय असं सांगून त्याने मेव्हिसला कपाटात उभं केलं, कुलूप लावलं आणि किल्ली एनिडच्या हातात दिली.

"चहा संपेपर्यंत उघडायचं नाही, पोरी. माईक चालू आहे."

"साहेब, तिला कोंडल्या जागेची धास्ती आहे हो."

"मग? म्हणून तर तिला निवडली!"

सगळे हसले. एनिडही हसली.

किंकाळी आली. साहेबांनी मान डोलावली. मग तीन ठोके आले आणि आतून बारीक आवाज आला, "एनिड... अगं, चहा झाला का?"

साहेब बघत होते. एनिडने कपात फुंकर मारली आणि सावकाश पीत राहिली.

दार उघडलं तेव्हा मेव्हिस उभ्या उभ्याच गेली होती.

"दार अडकलं," साहेबांनी चौकशीत सांगितलं.

"हो, अडकलं," एनिड म्हणाली.

ती किंकाळी पुढे स्लेडच्या प्रत्येक सिनेमात वाजली. दरवेळी एनिडनेच ती जोडली. मेव्हिसची बहीण हिल्डा दर नाताळला पत्र पाठवायची, 'शेवटी ती काही बोलली का हो?' एनिड दरवर्षी उत्तर द्यायची, 'नाही. क्षणात गेली.'

त्या रविवारी तिने साहेबांना फोन करून बोलावून घेतलं. ओव्हरकोट न काढताच त्यांनी हेडफोन लावला. चेहरा हलला नाही.

"ठोके तेवढे काप."

"म्हणजे तुम्हालाही ऐकू आले! साहेब, आता तरी हिल्डाला खरं सांगू या ना."

"सांग की. पण किल्ली कुणाकडे होती, तेही सांग."

ते निघून गेले. एनिडने ठोके कापले. मग या वर्षीच्या सिनेमाचा शेवटचा डबा लावला.

ठोके नव्हते. तिला हायसं वाटलं.

आणि मग अगदी कानाशी...

"एनिड... अगं, चहा झाला का?"

सत्कार थाटात झाला. चार वर्षांनी साहेब स्वतःच्या पलंगावर सुखाने गेले.

एनिडच्या घरात एकाही कपाटाला दार नव्हतं. शिवाय कपात ती नेहमी एक घोट शिल्लक ठेवायची. एकदा मी चेष्टा केली, "काय मिस टॅपस्कॉट, तो घोट कुणाच्या वाट्याचा?" तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चहा संपला की उघडावं लागेल ना रे."

१९७३ चा फेब्रुवारी. दुपारी मी खाली गेलो, तर ती खुर्चीत गेलेली. किटली अजून कोमट होती. समोर तिकीट लावलेलं जाड पाकीट, वर हिल्डाचं नाव.

कप तळापर्यंत रिकामा होता.

पाकीट मी त्याच दिवशी टपालात टाकायला हवं होतं. पण वाटलं, हिल्डा म्हातारी झालीय, कशाला जुनी जखम उकरायची? ते मी टेबलाच्या खणात ठेवलं. ते चाचपलं की आत किल्लीसारखं काहीतरी कडक हाताला लागतं.

एनिड गेल्याचं कळल्यावर या नाताळला हिल्डाचं पत्र मला आलं. 'एनिड तुमच्यापाशी मेव्हिसबद्दल काही बोलली होती का हो?'

मी उत्तर पाठवलं, 'नाही.'

तेव्हापासून दुपारी सव्वातीन वाजले की त्या खणातून...

मी हल्ली चहा संपवत नाही.