धुरात खांद्यावरचा हात

कुणाला पटो न पटो, पण आमच्या मामांना खोटं बोलता येत नाही. आणि हे घडलं ते भर दुपारी.

मामा अग्निशमन दलात. आगीपुढे ते विचार करत बसत नाहीत. धुराचा रंग बघतात, दाराला हात लावतात, की निर्णय झाला! "विचार करेपर्यंत राख होते रे," असं हसत सांगायचे.

एक नियम मात्र पक्का. धुरात मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर. दोनदा थोपटलं की मुकाट मागे फिरायचं. का, ते बाहेर आल्यावर विचारायचं.

त्या दुपारी तीन मजली घर पेटलं होतं. रस्त्यावर एक बाई ऊर बडवत होती. "दादा, माझी पोर वर आहे हो!"

मामांनी जिन्याकडे एकदाच बघितलं.

"टिकेल. चल रे, बुटक्या!"

बुटक्या म्हणजे त्यांचा जुना जोडीदार. चांगला सहा फुटी गडी!

वर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. खांद्यावर हात होता...

शेवटच्या खोलीत पोर खोकली.

"आलो गं बाळा!" मामा आत शिरले.

आणि... खांद्यावर दोनदा थोपटलं गेलं.

मामांचं काळीज तुटलं. पण छत खाली येत असणार, बुटक्याला कळलं असणार. ते फिरले.

खाली जिन्यात बुटक्या पाण्याचा अडकलेला पाइप ओढत उभा होता.

"अरे, तू माझ्या मागे होतास ना?"

"छे! मी जिन्यातच अडकलो. हाका मारून घसा बसला माझा."

मामा तसेच मागे वळले. दोघं पुन्हा वर धावले, पोरीला खाटेखालून ओढून काढलं.

छत जागच्या जागी होतं. ते कधी पडलंच नाही.

दवाखान्यात पोरीला जराशी शुद्ध आली.

"काका, जमिनीपाशी धूर कमी होता... तुमचे बूट दिसले मला."

"हो गं."

"मागे अनवाणी पाय होते... तुमचे बूट गेले. ते पाय नाही गेले. ते खाटेजवळ आले..."

पुढे तिला बोलवेना. त्याच रात्री ती गेली.

मामा अजून कामावर जातात. गेल्या महिन्यात एका गोदामात पुन्हा खांद्यावर दोनदा थोपटलं गेलं.

या वेळी मामा फिरले नाहीत.

छत कोसळलं. बुटक्याचे दोन्ही पाय गेले. तो म्हणतो, "मीच थोपटलं होतं."

मामांना मात्र अजून खात्री वाटत नाही.