'सोबत' नावाचं नेटवर्क

इस्पितळाच्या नव्या वॉर्डात वायफाय लावायचं काम तसं दुपारपर्यंत आटपणारं होतं. छताला पांढरी यंत्रं बसवून झाली होती, आता फक्त नेटवर्कना नावं द्यायची. एक डॉक्टरांसाठी, एक पाहुण्यांसाठी, एक रुग्णांच्या मॉनिटरसाठी. पण सरळ काम नेटवर्कवाल्याच्या नशिबातच नव्हतं. वेळ वाचवायला त्यानं बंद पडलेल्या जुन्या वॉर्डाची सेटिंग्ज जशीच्या तशी उचलून इथे ओतली, आणि त्यांच्याबरोबर एक जास्तीचं नाव आलं. 'सोबत'.

त्यानं ते पुसलं. ते परत आलं. पुन्हा पुसलं, यंत्रं बंद करून चालू केली, कंपनीला फोन लावून त्यांचं टुकार संगीत ऐकत बसला. 'सोबत' जागच्या जागी. त्याचं डोकं फिरलं. कारण संध्याकाळी याच वॉर्डात त्याची आई यायची होती, हृदयाचा मॉनिटर लावून. तो मॉनिटर भलत्याच नेटवर्कला चिकटला, तर आईचं काही बिनसलं तरी सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजणार नव्हती.

"सिस्टर, हे नाव कुणी ठेवलं हो?"

"तुमच्या आधी जे होते, त्यांनी."

"मग त्यांना बोलवा ना! मी काय इथे डोकं फोडून घेऊ?"

सिस्टर चादरीच्या घड्या घालत राहिली. "ते यायचे नाहीत आता..."

शेवटी फोन हातात धरून तो सिग्नलचा माग काढत निघाला. जवळ गेलं की सिग्नल वाढतो, लांब गेलं की पडतो. यात भुताखेतांचं काही नसतं, असं त्यानं स्वतःलाच दोनदा बजावलं. सिग्नल त्याला खिडकीजवळच्या खाटेपाशी घेऊन गेला. वर छताला एकही यंत्र नव्हतं. गादी उचलली, खाली वाकून पाहिलं, शिव्या हासडल्या. फिनाइलच्या वासाआड कसलातरी ओला, शिळा वास येत होता.

रागारागानं बाहेर जाऊन त्यानं वायफायचा मुख्य स्विचच बंद केला. फोनवरची सगळी नावं गेली. 'सोबत' उरलं.

तो धावत आत आला, तर सिस्टरनं आईला नेमकं त्याच खाटेवर निजवलेलं. मॉनिटरच्या पडद्यावर नेटवर्कचं नाव झळकत होतं. 'सोबत'.

"आई, ऊठ. खाली जायचंय."

"आत्ताच तर आणलं रे... आणि आधी हिला उठव, माझ्या पायाशी बसलीय ती."

पायाशी कुणी नव्हतं. चादर तेवढी तिथे खोल दबलेली होती.

सिस्टरनं एक शब्द न विचारता आईला चाकांच्या खुर्चीत घेतलं आणि लिफ्टकडे नेलं. तो खाटेला धरून तसाच उभा राहिला. वाचली आई, असं त्याला वाटलं.

मग त्यानं फोनकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता, तरी 'सोबत'चा सिग्नल पडत होता. चाकांची कुरकुर जशी लांब जात होती, तसा हळूहळू.

"सिस्टर, थांबा!"

लिफ्टचं दार लागलं. आणि दिवसभर जे त्याला जमलं नव्हतं ते झालं. त्या वॉर्डातून 'सोबत' गेलं.