देवराईतला खराटा

देवळं बांधणं हा माझा धंदा आहे, आणि मी देव मानत नाही. ऐकून हसू येईल, पण मी बांधतो ती देवळं संगणकातली. पुण्यात आमची सात जणांची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. त्यातली घरं, झाडं, देवळं माझ्याकडं असतात. गेममधलं देऊळ म्हणजे काय, तर नायकानं आत घुसायचं, मूर्ती फोडायची आणि खालचा रत्नहार घेऊन पळायचं. अशी अकरा देवळं मी उभी केली आणि खेळणाऱ्यांनी ती मजेत फोडली. मला कधी काही वाटलं नाही. आम्ही भोरचे, घरी रोज बुद्धवंदना. देव नाहीत म्हणून भुतंही नाहीत, असं आई सांगायची. तेव्हा पुढचं सांगतोय ते मला पटलंय म्हणून नव्हे, घडलंय म्हणून.

गेल्या एप्रिलमध्ये आम्हाला गेमसाठी खरीखुरी देवराई हवी होती. मार्गासनीच्या पुढं डोंगरात एक आहे, लहानपणी पाहिलेली. आमचा गेम खेळून त्यातल्या चुका शोधणारी सोनिया आणि मी नसरापूरला मिसळ खाऊन बाइकवर निघालो. पोचेपर्यंत बारा वाजले.

बाहेर ऊन भाजत होतं. राईत पाऊल टाकलं आणि एकदम अंधारून आलं. मांडीएवढ्या जाड वेली, कुजक्या पानांचा ओला वास, आणि भर दुपारी रातकिड्यांची किरकिर. मधोमध शेंदूर फासलेली शिळा होती. तिच्यापुढं एक आजी खराट्यानं पानं लोटत होत्या. धोंडाबाई त्यांचं नाव. राईची देखभाल त्याच करायच्या.

"काय न्यायला आलाय?" त्यांनी विचारलं.

"फक्त फोटो, आजी. फोटोवरून ही शिळा जशीच्या तशी खेळात घालता येते."

"आन् खेळात हिचं काय करनार?"

मी कॅमेऱ्याचं झाकण काढू लागलो. सोनियाला खोटं बोलता येत नाही. "फोडणार, आजी."

धोंडाबाई खदखदून हसल्या. "फोडा की! पर तिला इचारून फोडा." आणि खराटा काखेत मारून त्या जेवायला घरी गेल्या.

आम्ही आठशे फोटो काढले. काढत असताना मागून सारखा आवाज येत होता. खर्र... खर्र...

"आजी परत आल्या वाटतं," सोनिया कुजबुजली.

मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. रातकिडेही थांबले होते.

"वारा असेल," मी म्हणालो. एक पान हलत नव्हतं.

पुण्याला येऊन मी राई उभी केली, खाली पानांचा दाट थर पसरला. गेम बाजारात आणणारे साहेब शुक्रवारी बघायला येणार होते. त्यांना तो पसंत पडला नसता, तर आमच्या कंपनीला टाळं लागलं असतं. बुधवारी दुपारी सोनियानं स्वतःचे हेडफोन काढून माझ्या कानाला लावले.

"संघपाल, हा आवाज तू घातलास?"

खर्र... खर्र...

"आपण आवाज घेतलाच नव्हता," मी म्हणालो. "फक्त फोटो..."

"मग हे बघ."

पडद्यावर नायकानं घण उचलला. आवाज जवळ आला. त्याच्या पायापासून शिळेपर्यंतची पानं कुणीतरी लोटावीत तशी बाजूला सरकली आणि स्वच्छ वाट उमटली. घण पडला. शिळेवर ओरखडासुद्धा नाही. मी सगळ्या फायली धुंडाळल्या, पानं पुसून पुन्हा पसरली. ती पुन्हा झाडली गेली.

गुरुवारी सकाळी लॅपटॉप घेऊन आम्ही धोंडाबाईंच्या ओसरीवर हजर. त्यांनी डोळे बारीक करून सगळं पाहिलं.

"लोटनारच की. तुमी कचरा टाकताय, ती लोटतीया."

"ती कोण, आजी?"

"आता ते मला काय ठावं? म्या बी आवाजच ऐकलाय."

सोनिया माझ्याजवळ सरकली. मी म्हणालो, "उद्या दाखवायचंय हो. काय करू?"

"त्या गड्याच्या हातातला घण काढ, खराटा दे. आदी झाडू दे, मंग मागू दे."

"पण आजी, आम्ही देवाला हात जोडत नाही."

"तू नगं जोडू. तुज्या गड्याला झाडता येतं का न्हाई, तेवढं सांग!"

मला हसू फुटलं. झाडता येत नव्हतं. मग धोंडाबाईंनीच अंगण झाडून दाखवलं, कमरेतून वाकून, डावा हात पाठीवर. सोनियानं ते मोबाईलवर घेतलं आणि मी ओसरीवर बसून आमच्या नायकाला तसंच वाकायला शिकवलं. आवाजही त्याच खराट्याचा घेतला. मधे दोनदा चहा झाला. नायकाच्या मिशा बघून धोंडाबाई म्हणाल्या, "घरी कदी झाडलं नसंल त्यानं."

शुक्रवारी साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "फोडायचं काहीच नाही?" मग अर्धा तास मान वर न करता ते राई झाडत बसले. शेवटी शिळेपुढं हार मिळाला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "अजून आहे का झाडायला?" आम्ही सातही जण नाचलो. पानं आपोआप सरकणं थांबलं ते थांबलंच.

दिवाळीत गेम बाजारात आला. लोक घरबसल्या देवराया झाडतायत आणि खूश आहेत.

काल दुपारी सोनिया खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवत होती. कोल्हापूरच्या एका शिक्षिकेनं लिहिलं होतं: "गेम फार आवडला. राईतल्या आजी तर सगळ्यांत आवडल्या. त्या म्हणाल्या, बाई, आधी चपला काढ. मी खरंच चपला घालून बसले होते. हे तुम्ही कसं जमवलंत?"

आमच्या गेममध्ये आजी नाहीत. त्या राईत बोलणारं कुणीच आम्ही घातलेलं नाही.

सोनिया हसली. मीही हसलो. मग तिनं टेबलाखाली सँडल काढून ठेवल्या. मी बुटांच्या नाड्या सोडायला वाकलो.