शून्यावर न परतणारा काटा

"दाबा ना परत!" घड्याळाच्या कारखान्याचे मालक एदमों गोले ओरडले.

जिनिव्हाहून आलेल्या गिऱ्हाइकानं पुन्हा कळ दाबली. सेकंदांचा काटा थांबला, पण शून्यावर काही परतेना. सकाळी हेच क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, तासभर बिनचूक चाललं होतं. आज त्याचा सौदा ठरायचा होता.

पोलीस इन्स्पेक्टर क्लोदीन रोशा वीस मिनिटांत हजर झाल्या. या खोऱ्यात घरटी एक घड्याळजी; त्यांचे वडीलही त्यातलेच.

"चौकशी कसली करताय? हा लोईक!" गोलेंनी जुळणीच्या कारागिराकडे बोट दाखवलं. "सीमेपलीकडचा फ्रेंच. परवा चारचौघांत झापला, त्याचा सूड उगवलाय. बेड्या घाला!"

लोईकच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, आईशप्पथ मी नाही!"

"मागचं झाकण उघड," रोशा म्हणाल्या आणि डोळ्याला भिंग लावलं. "काट्याला शून्यावर ढकलते ती ही हातोडी. तिची स्प्रिंग वाकवलीय. जेवणाच्या सुट्टीत आत कोण होतं?"

"मी दहा मिनिटं. पाकीट विसरलो होतो," लोईक म्हणाला.

"आणि मी," कोपऱ्यातून ओनोरीन मेलां बोलल्या. पॉलिशचं काम करणारी साठीची बाई, मनगटाला पट्टी. "सुट्टीभर मागच्या खोलीत पडले होते. हात दुखतोय, आठवडाभर एक तुकडा घासलेला नाही."

त्यांच्या एप्रनच्या खिशातून जेन्शियन या डोंगरी वनस्पतीच्या वाळक्या काड्या डोकावत होत्या. खोऱ्यातले जुने कारागीर अजून त्यांनीच धातू घासतात.

"रचना कुणाची ही?" रोशांनी सहज विचारलं.

"माझी! २०१९ साली सुचली. पेटंट आहे माझ्या नावावर," गोले म्हणाले.

"सुचली म्हणे!" ओनोरीनबाई फिस्सकन हसल्या.

सगळं खोरं कुजबुजायचं, की रचना त्यांच्या नवऱ्याची, अर्मांची. तो वारला आणि गोलेंनी त्याची आरेखनं आणि त्यानं बनवलेलं हे पहिलं घड्याळही ढापलं. पण पुरावा कुणाकडे होता?

रोशांनी कॅटलॉगसाठी काल काढलेला फोटो मागवला. तो पाहिला, मग पुन्हा हातोडी पाहिली. मग त्या हसल्या.

"गोलेसाहेब, हातोडीचा आतला कोपरा बघा. काल गोलसर, यंत्रानं कापलेला. आज टोकदार आणि आरशासारखा लख्ख. आतला कोपरा असा काढणं यंत्राच्या बापाला जमत नाही. काडीनं तासभर घासावा लागतो. लोईक होता दहा मिनिटं." त्यांनी हात पुढे केला. "ओनोरीनबाई, काडी द्या."

काडीचं टोक पॉलिशच्या लेपानं काळं होतं. अजून ओलं.

"आठवडाभर घासलं नाहीत ना?"

ओनोरीनबाईंनी मनगटाची पट्टी सोडून टाकली.

"स्प्रिंग वाकवायला क्षण पुरला. मग तो कोपरा दिसला. या माणसानं अर्मांची हातोडी काढून यंत्राची बसवलेली. शी! माझ्या नवऱ्याच्या घड्याळात असलं काम? हातच थांबेना. लोईक, तुला आत टाकू दिलं नसतं रे मी."

"ऐकलंत? सूड!" गोले किंचाळले.

"सूडच. आठ वर्षं गिळून बसलेय. पण स्प्रिंग वाकवणं हा सूड नव्हे. घड्याळ या पाहुण्यांसमोर उघडायला हवं होतं, एवढंच. लोईक, काटे आणि तबकडी काढ."

"काही गरज नाही!" गोले ओरडले.

"का हो, रचना तुमची ना? मग आत काय आहे ते ठाऊक असेलच की," ओनोरीनबाई म्हणाल्या.

"काढा," गिऱ्हाईक म्हणालं.

लोईकनं तबकडी उचलली. ती अर्मांनं बसवल्यापासून कुणी हलवली नव्हती. खाली पितळेवर, इथल्या जुन्या कारागिरांच्या रिवाजानं, बारीक अक्षरं कोरलेली होती. लोईकनं मोठ्यानं वाचलं, "रचना आणि काम, अर्मां मेलां, मे २०१४."

गोलेंना आज पहिल्यांदाच कळलं. स्वतः एकदा जरी तबकडीखाली बघितलं असतं, तर कधीच खरवडून टाकलं असतं!

गिऱ्हाइकानं बॅग बंद केली. गोले मटकन खाली बसले, आणि ओनोरीनबाई त्यांच्याकडे डोळे भरून बघत राहिल्या.

"स्प्रिंगचा गुन्हा मला नोंदवावाच लागेल," रोशा म्हणाल्या.

"नोंदवा की." ओनोरीनबाईंनी दोन्ही हात पुढे केले. "फक्त घड्याळ कुणाचं होतं, ते नीट लिहा."