नऊ नंबरची अडचण

सातारा–विटा गाडीत क्रांतीला खिडकीची जागा मिळाली होती. गाडी सुटता सुटता एक तरुण धापा टाकत आला आणि शेजारी टेकला. मांडीवर प्लॅस्टिकचा डबा, डब्यातून बाहेर आलेल्या वायरी, हातात चार कागद. नागठाणे येईपर्यंत तो एकाच ओळीवर पेनानं रेघ मारत होता.

क्रांतीची नजर सहज तिकडं गेली… आणि अडकली. ती ओळ तिनंच लिहिली होती.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या तिच्या छोट्या कंपनीत डीबगर बनायचा. यंत्रातला प्रोग्रॅम कुठं चुकतोय, ते त्याला मध्येच थांबवून दाखवणारं सॉफ्टवेअर. नवी आवृत्ती निघाली की सोबत माहीत असलेल्या अडचणींची आणि त्यांवरच्या तात्पुरत्या उपायांची यादी जायची. ती यादी क्रांतीकडं.

"नऊ नंबरवर एवढा राग का?" तिनं विचारलं.

"तुमीच ऐका," तो म्हणाला. "'बोर्डाची वीज गेल्यास संपर्क तुटतो. उपाय – सर्व बंद करून नव्याने जोडा.' आता माझा ह्यो डब्यातला बोर्ड चुकतोच मुळी वीज परत आल्यावर. नव्यानं जोडला की आतलं सगळं पुसून जातंय. लिहिणाऱ्यानं शेतावरची लाईट कवा बघितलेली दिसत न्हाई."

"बघितलीय. आजोळी बघितलीय."

"म्हंजे?"

"म्हणजे… यादी मी लिहिलीय."

त्याचे कान लाल झाले. तो हळूच म्हणाला, "तुमच्याच हापिसात गेलतो. शनिवारचं कुलूप हुतं."

"बरं झालं. तिथं भांडला असता."

"भांडणार तर हायेच," तो म्हणाला, पण ओठांत हसला. "फक्त आता जरा दमानं."

त्याचं नाव शिवतेज. कडेगावजवळच्या त्याच्या गावात ऐंशी शेतकऱ्यांची उपसा योजना होती. वीज आली की पंप आपोआप सुरू करणारी पेटी त्यानं एकट्यानं बनवली होती. तीन चाचण्यांत ती फसली. योजनेचे अध्यक्ष नाथाजी सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी शुक्रवारची शेवटची संधी दिली होती. तेव्हाही फसली, तर पेटी उतरवणार होते.

कडेगावला उतरताना त्यानं तिचा नंबर मागितला. "कामासाठी," तो घाईनं म्हणाला.

"मी दुसरं काही म्हटलं का?" क्रांती म्हणाली.

क्रांतीला विट्याच्या बहिणीच्या साखरपुड्यात धड जेवण गेलं नाही. तो उपाय तिनं स्वतः कधी करून बघितलाच नव्हता. मागच्या यादीतून उचलून तसाच ठेवला होता. सोमवारी तिनं ऑफिसात तसाच बोर्ड मांडला, शंभरदा वीज तोडली. शिवतेजचा रोज फोन यायचा. आधी बोर्डाविषयी, मग डब्यात आज काय आणलंय याविषयी… फोन ठेवायचं कुणालाच सुचायचं नाही.

बुधवारी दुपारी तिला वाट सापडली. "तुमच्या प्रोग्रॅमलाच पावलागणिक नोंद करायला लावा," तिनं फोनवर सांगितलं. "वीज गेली तरी पुसलं जात नाही, मेमरीच्या त्या कोपऱ्यात. आणि डीबगर जोडताना बोर्ड नव्यानं सुरू करू नका. चालू बोर्डावर जोडा. ती नोंद वाचता येते."

"तुमी येता का? म्हंजे… माझं चुकलं तर."

गुरुवारी दोन दिवसांची रजा टाकून ती पंपघरात हजर झाली. स्टूल एकच होतं. ते त्यानं तिला दिलं आणि स्वतः जमिनीवर बसला. मेन स्विच पाडला, चढवला. पेटी गप्प. क्रांतीनं डीबगर जोडला, आणि पडद्यावर शेवटची नोंद आली.

"हे बघा," ती म्हणाली. दोघांची डोकी जवळ आली. "वीज येताक्षणी विजेचा दाब मोजताय. तेव्हा तो कमीच असतो. पेटी घाबरून स्वतःला कुलूप लावतेय."

"म्हंजे नुसतं… थांबायला पायजे?"

"पाच सेकंद."

"मी लय घाईत असतो," तो तिच्याकडं बघत म्हणाला. क्रांतीनं पडद्यावरची नजर हलवली नाही, पण गाल तापले.

शुक्रवारी सकाळी अख्खी योजना पंपघराशी जमली. नाथाजींनी स्वतः स्विच पाडला, मिशीवरून हात फिरवत मिनिटभर थांबले आणि चढवला. एक… दोन… कुणी खोकलंसुद्धा नाही. पाचव्या सेकंदाला पंप गुरगुरला. पाईप थरथरला, एका सांध्यातून फवारा उडाला आणि क्रांती, शिवतेज दोघंही ओलेचिंब झाले. वर माळावरच्या टाकीपाशी उभ्या माणसांनी टोप्या उडवल्या. पाणी पोचलं होतं.

नाथाजींनी आणखी तीनदा वीज पाडून बघितली. तिन्ही वेळा पंप उठला. मग ते क्रांतीपुढं ताठ उभे राहिले आणि कडक सलाम ठोकला. "पोरी, ऊस वाचला आमचा."

"पेटी यांची आहे," ती म्हणाली.

"व्हय, पर हा एकटा असता तर आज पेटी भंगारात असती."

माणसं टाकीकडं पळाली. शिवतेज रुमाल पुढं करून उभा होता. तो रुमालही भिजलेलाच.

"आता यादीत नऊ नंबरला काय लिहिणार?"

"खरा उपाय. आजच, नवी यादी छापायच्या आधी."

"मग काम संपलं…" तो थांबला. "काम नसताना याल का? मला तुमी लय आवडता, क्रांती. फोन ठिवल्यावर करमत न्हाई."

क्रांतीनं ओले केस कानामागं सारले. पाटातून पाणी खळाळत उसाच्या पहिल्या सरीत शिरत होतं.

"रविवारी येते," ती म्हणाली. "आई-बाबांना घेऊन. तुमच्या घरी सांगून ठेवा."