बिबोराचा चढ

एवेलिओला गाडी दुरुस्त करून नको होती. त्याला गुन्हेगार हवा होता, आणि तो आपला सख्खा भाऊच आहे हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं.

"ओस्मेलनं पाण्याचा पंप बसवला आणि गाडी बसली," तो म्हणाला. "बासिलिओकाका, मला फक्त पुरावा द्या."

पोलिसातली नोकरी सोडल्यापासून बासिलिओ हवानातल्या लोकांच्या खाजगी भानगडी निस्तरत असे. मेहुणा नोर्बेर्तो पिशवी सांभाळत मागे फिरे. त्याला एवेलिओचं म्हणणं लगेच पटलं. त्याला कुणाचंही पटे.

बावन्न सालची शेवरोले, बापानं मागे ठेवलेली. उतारू कोंबून तिनं घर पोसलं होतं. आता शहरातल्या बिबोरा भागाच्या चढावर तिचा जोर जाई, वाफ उसळे आणि उतारू शिव्या घालत पायी निघत. ओस्मेलला ती विकून देश सोडायचा होता. एवेलिओनं त्याला घराबाहेर काढलं. तो एका होडीतून समुद्रावर गेला, एवढंच पुढे कानावर आलं.

बासिलिओनं आधी मेकॅनिक रुफिनोला गाठलं.

"थंड असताना घोडा, तापली की गाढव," रुफिनो म्हणाला. प्लग, ठिणगीची वेळ, सगळं त्यानं तपासलं होतं. पंपही उघडून पाहिला होता, चोख होता.

"मग नळाच्या पाण्यातला चुना," नोर्बेर्तोनं अक्कल पाजळली.

"माझीही गाडी त्याच नळाचं पाणी पिते. ती कुठे तापते?"

एवेलिओच्या आईनं, एउलालियानं, अंगणात कॉफी आणली. अंगावर पांढरे कपडे, आणि कपावर तिच्या बोटांचे पांढरे ठसे. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांत ब्रेक निकामी होऊन एवेलिओ थोडक्यात वाचला होता, म्हणून तिनं स्टिअरिंगसमोर अंड्याच्या कवचाच्या पुडीनं फुली काढली होती. रक्षणासाठी अशी फुली तिकडे दारोदार असते. नोर्बेर्तोनं ती पाहून हात जोडले. गाडीत पाणी रोज आपणच भरतो, तेवढा वेळ लेकाला कॉफी निवांत पिता येते, असं ती कौतुकानं सांगत होती.

बासिलिओनं इंजिन तापेपर्यंत चालवलं आणि रेडिएटरवर हात फिरवला. वर चटका बसला, खालचा भाग गार होता. इंजिन निवल्यावर त्यानं तळाची तोटी उघडली. दोन-चार पांढरे थेंब आले आणि धार थांबली. त्यानं तो गाळ बोटांत चोळला, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून पाहिली आणि एवेलिओला म्हणाला, "हे इथेच सोडून दे, बाळा."

"नाव सांगा."

बासिलिओनं सुस्कारा सोडला. "पंप पाणी ढकलतो, ठिणगी वेळेवर पडते. म्हणजे जोर जातो तो तापल्यामुळे, आणि तापते ती रेडिएटर खालून बुजल्यामुळे. चुना असता तर दगडासारखा धरला असता आणि रुफिनोच्या गाडीतही साचला असता. हा गाळ लोण्यासारखा मऊ आहे. कुणीतरी वरून पूड टाकतंय, पाण्याबरोबर, रोज. पाणी एकच माणूस भरतं, आणि त्याची बोटं पांढरी आहेत."

एउलालियानं हात पाठीमागे लपवले नाहीत. तिला वाटलं, आपलं कौतुकच चाललंय.

"रक्षणासाठी टाकते," ती म्हणाली. "आधी चिमूटभरच टाकायचे. गाडी तापायला लागली तसं मूठभर टाकायला लागले."

मग लेकाच्या चेहऱ्याकडे पाहून तिला उमगलं.

"धुऊन निघेल ना?" एवेलिओनं विचारलं.

"रेडिएटर निघेल. पण तेल दुधाळ झालंय, त्यात पाणी उतरलंय. इंजिनच्या ठोकळ्यालाच तडा असणार. दुसरं इंजिन कुठून आणशील?"

कुठूनच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोर्बेर्तोलाही, आणि त्याला भयंकर वाईट वाटलं.

एवेलिओ गाडीच्या बंपरवर बसला. "ओस्मेल रडत सांगत होता, मी नाही केलं. मी त्याच्या तोंडावर दार लावलं. त्याला आता कळवायचं कसं?"

एउलालिया बोलली, ती धाकट्या ओस्मेलबद्दल.

"तो निघाला तेव्हा मी मागच्या दारानं गेले होते," ती म्हणाली. "त्याच्याही खिशात मूठभर पूड घातली होती."